पोटाच्या तक्रारीवर मधुमेहाचं पांघरूण

इन्सुलिन कधी सुरू करावं, यावर मी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा डोकावला, तो म्हणजे मोठं आतडं. मधुमेह असलेली माणसं मला डोळ्यांबद्दल, पायांबद्दल, मूत्रपिंडाबद्दल विचारतात. आतड्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. म्हणून या वेळचं सदर या पत्रांसाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : माझे मिस्टर ५८ वर्षांचे आहेत. १२ वर्षांपासून मधुमेह. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना म्हणून दीड वर्षापूर्वी रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. मध्यंतरी हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करायला सांगितली. मोठ्या आतड्यात दोन पॉलिप निघाले, एक १२ मिलिमीटरचा आणि एक अगदी लहान. दोन्ही तिथल्या तिथे काढले. रिपोर्टमध्ये ‘ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा’ आहे. कॅन्सर नाही, पण तीन वर्षांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून यांनी एकच धोशा लावलाय, की हे इन्सुलिनमुळे झालं. आठ दिवस झाले, इंजेक्शन घेत नाहीत. मधुमेहाचा आणि आतड्यातल्या गाठींचा खरंच संबंध असतो का?

उत्तर : ताई, अंक जरा बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. आठ दिवस इन्सुलिन बंद आहे हे सांगा आणि डोस विचारून ते सुरू करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

अ‍ॅडेनोमा म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेली मशीसारखी वाढ. ती कॅन्सर नसते, पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशाच वाढीतून सुरू होतात. अस्तराच्या पेशीतलं एक जनुक बिघडतं, मग दुसरं, मग तिसरं. ही साखळी फिअरन आणि व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली आणि आज आम्ही पॉलिप दिसला की काढतो, ते याच समजुतीवर. पहिल्या बिघाडापासून कॅन्सरपर्यंत जायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेव्हा १२ मिलिमीटरचा पॉलिप दीड वर्षाच्या इन्सुलिनने उगवला, हे गणित जुळत नाही. पहिली सुई टोचली, त्याच्या बरंच आधीपासून तो तिथे असणार.

तरीही तुमच्या मिस्टरांच्या संशयात एक खरा धागा आहे आणि तो मला झटकून टाकायचा नाही. टाइप २ मधुमेहाचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं, त्याहून जास्त सोडतं, आणि त्या जोरावर रिपोर्टमध्ये साखर बरीच वर्षं ठीक दिसत राहते. रक्तात मात्र इन्सुलिनचा पूर असतो. इन्सुलिन पेशीला साखर घ्यायला सांगतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते पेशीला ‘वाढ, दुभंग’ असंही सांगतं, हे फारसं बोललं जात नाही. शिवाय त्याच्यामुळे आयजीएफ-वन नावाचा, इन्सुलिनचाच भाऊबंद असलेला वाढीचा घटक रक्तात अधिक मोकळा होतो. आणि आतड्याचं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. जिथे पेशी इतक्या भराभर दुभंगतात, तिथे वर्षानुवर्षं वाढीचे जादा हुकूम पोचत राहिले, तर एखादी चुकलेली पेशी निसटून जायला वाव मिळतो.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. अ‍ॅक्रोमेगाली नावाच्या आजारात पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन आणि त्यापाठोपाठ आयजीएफ-वन वाढलेलं असतं. या रुग्णांत आतड्याचे पॉलिप जास्त सापडतात आणि म्हणून त्यांना कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो. वाढीच्या हुकुमांचा आतड्याशी संबंध आहे, हे मला सगळ्यात नीट या आजाराने पटवलं.

आता धोका किती, ते पाहू. २००५ मध्ये पंधरा अभ्यासांची, पंचवीस लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. मधुमेह असलेल्यांत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला. ‘३० टक्के’ हा आकडा ऐकून माणसं हादरतात, म्हणून तो उलगडून सांगते. जिथे हा कॅन्सर जास्त आढळतो, तिथे शंभरातल्या साधारण चार जणांना तो आयुष्यात कधीतरी होतो. त्यावर ३० टक्के म्हणजे चाराचे पाच-सव्वापाच. शंभरातल्या चौऱ्याण्णवांहून अधिक मधुमेहींना तो होणारच नाही. पोटाभोवतीची चरबी, बैठं आयुष्य, तंबाखू ही कारणं दोन्ही आजारांना सामाईक आहेत. पण त्यांचा हिशेब वजा केल्यावरही संबंध पुरता पुसला जात नाही. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांनी एकत्र बसून काढलेल्या अहवालातही मधुमेहाशी संबंध असलेल्या कॅन्सरच्या यादीत मोठं आतडं आहे.

मग बाहेरून घेतलेलं इन्सुलिन? २००९ मध्ये ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनबद्दल अशीच भीती उठली होती. माझ्याकडच्या कित्येकांनी तेव्हा सुई टाकून दिली होती आणि त्यांतले दोघे साखर भयंकर वाढून दवाखान्यात भरती झाले होते. २०१२ मध्ये ‘ओरिजिन’ चाचणीचा निकाल आला. १२,५३७ माणसं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, एकाला ग्लार्जिन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि सहा वर्षांहून अधिक पाठपुरावा. कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. हे त्यांना वाचून दाखवा.

आणखी एक, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. कोलोनोस्कोपी हिमोग्लोबिन ९.८ आलं म्हणून झाली. १२ मिलिमीटरचा एक आणि एक लहान, एवढ्या पॉलिपमुळे रक्त इतकं खाली येणं अवघड आहे. पॉलिप सापडले म्हणजे रक्त कमी होण्याचं कारण सापडलं, असं समजून फाइल बंद होऊ देऊ नका. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, बी-१२ जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलं का, लोह कमी असेल तर जठराची एंडोस्कोपी झाली का, हे विचारा.

पॉलिप निघाले ही मात्र चांगली बातमी आहे. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीने १९९३ मध्ये दाखवलं, की पॉलिप काढून टाकलेल्यांत पुढे हा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाला. तीन वर्षांनंतरची तारीख आजच लिहून ठेवा. आणि त्यांच्या भावंडांना, मुलांना हा रिपोर्ट दाखवा. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडेनोमा ही जवळच्या नातेवाइकांनी आपल्या डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा. मधुमेह ३६ व्या वर्षी निघाला. वडिलांना ६२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. मला काहीच त्रास नाही. तपासणी पन्नाशीनंतर करतात असं ऐकलंय, मग इतक्यात कशाला?

उत्तर : पन्नाशीचा नियम आता सगळीकडे राहिलेला नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये आणि तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये ते वय ४५ वर आणलं, कारण तरुण वयातले रुग्ण वाढत होते. आणि हे वय ज्यांना कुठलाही वेगळा धोका नाही त्यांच्यासाठी आहे. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल, तर ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरुवात करायची असते. तुमची वेळ गेल्या वर्षीच आली.

मधुमेहासाठी वेगळं वय बहुतेक मार्गदर्शक सूचनांत दिलेलं नाही. पण स्वीडनमध्ये देशभराच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पन्नाशीच्या आत मधुमेह झालेल्यांत तरुणपणी हा कॅन्सर होण्याचा धोका घराण्यात कॅन्सर असण्याइतकाच वाढतो, आणि दोन्ही एकत्र आले की तो आणखी बराच वर जातो. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत. तुम्ही माझ्यासमोर बसला असतात, तर थेट कोलोनोस्कोपीच सुचवली असती.

ज्यांना घराण्याचा इतिहास नाही आणि त्रासही नाही, त्यांना शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी दरवर्षी करता येते. शौचातलं लपलेलं रक्त शोधण्याच्या जुन्या चाचणीनेसुद्धा, दरवर्षी केली तेव्हा, या कॅन्सरने होणारे मृत्यू तेरा वर्षांत एक तृतीयांशाने घटवले होते. मिनेसोटामधला हा मोठा अभ्यास १९९३ चा. मात्र फिट पॉझिटिव्ह आली, तर ती पुन्हा करून निगेटिव्ह यायची वाट बघायची नाही. मग कोलोनोस्कोपीच करायची.

प्रश्न : मला मधुमेह नाही, पण दोन वर्षांपूर्वी पॉलिप काढले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने पॉलिप परत होत नाहीत असं वाचलं. घेऊ का?

उत्तर : स्वतःहून घेऊ नका. तुम्ही वाचलंत ते बहुधा जपानच्या चाचणीबद्दल असावं. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पॉलिप काढलेल्या, मधुमेह नसलेल्या १५१ जणांतल्या निम्म्यांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी मेटफॉर्मिन दिलं. वर्षानंतर नवे अ‍ॅडेनोमा कमी लोकांत दिसले. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण दीडशे माणसं आणि एक वर्ष एवढ्यावर कुणाला आयुष्यभराची गोळी लिहून देण्याची माझी तयारी नाही. ज्यांना मधुमेहासाठी ती चालू आहे त्यांनी ती निर्धास्त घ्यावी. तुम्ही ठरलेली कोलोनोस्कोपी चुकवू नका आणि रोज चाला. स्नायू चालते राहिले की इन्सुलिनची गरजच उतरते.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, मधुमेहाला १५ वर्षं झाली. मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून पोट कधी सैल, कधी आठ-आठ दिवस साफ नाही. मूळव्याधही आहे, अधूनमधून रक्त दिसतं. गेल्या सहा महिन्यांत पथ्य न बदलता चार किलो वजन उतरलं, सगळे कौतुक करताहेत. या वयात असं चालायचंच का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. का, ते सांगते.

बरीच वर्षं झाली. माझ्याकडे एक बाई यायच्या, तुमच्याच वयाच्या, वेळ आणि गोळी कधी न चुकवणाऱ्या. चौदा महिन्यांत त्यांचं हिमोग्लोबिन १२.४ वरून ११, आणि मग ९.६ झालं. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं, हे मला पाठ होतं. तपासलं, कमीच निघालं. मी इंजेक्शनं सुरू केली आणि कोडं सुटल्यासारखं मानलं. वजन पाच किलो उतरलं, तेव्हा मी त्यांना शाबासकी दिली. पोट बिघडतं म्हणाल्या, तर मेटफॉर्मिनचा डोस विभागून दिला. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे मधुमेहातलं उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर सुटं पाहिलं तर बरोबरही होतं. फेरिटिन मी तपासलं नाही. एका तरुण सहकाऱ्याने दुसऱ्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी करताना उजव्या बाजूला आतडं जाड झालेलं पाहिलं. कॅन्सर होता आणि तो लसिका ग्रंथींपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, त्या तीन वर्षं जगल्या. त्या तीन वर्षांत एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. ते चौदा महिने मात्र माझ्याकडून गेले, हे मी अजून विसरलेले नाही.

उजव्या बाजूचं मोठं आतडं रुंद असतं आणि तिथला मळ पातळ असतो. त्यामुळे गाठ बरीच मोठी झाली तरी अडथळा जाणवत नाही. रक्त थेंबाथेंबाने जातं, मळात मिसळतं, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त थकवा, आणि मधुमेह असलेल्या माणसाचा थकवा कुणाला नवा वाटत नाही. डाव्या बाजूला आणि गुदाशयात गाठ असली तर रक्त दिसतं, शौचाची सवय बदलते, मळ बारीक होतो, पोट साफ झाल्यासारखंच वाटत नाही. तिथे मूळव्याधीचं नाव पुढे येतं. मधुमेहात आतड्याच्या नसा मंदावतात, बद्धकोष्ठ आणि जुलाब आलटून पालटून होतात, हेही खरं आहे. म्हणजे या आजाराला लपायला मधुमेही माणसाच्या शरीरात जागाच जागा आहेत. धोका ३० टक्क्यांनी वाढतो, त्यापेक्षा मला या लपण्याची भीती अधिक वाटते.

त्या बाईंनंतर मी एक नेम केला. बी-१२ लिहिलं की शेजारी फेरिटिन लिहायचंच. बी-१२ कमी असणं आणि आतड्यातून रक्त जाणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात; एक सापडली म्हणून दुसरी नाही, असं होत नाही. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं, तर ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर मी कुणाला घरी पाठवत नाही. एचबीएवनसीकडेही, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीकडेही, मी आता वेगळ्या नजरेने बघते. लोह कमी असताना तो आकडा खोटा वाढू शकतो. रक्त नुकतंच गेलं असेल किंवा लोह सुरू करून नव्या तांबड्या पेशी भराभर बनत असतील, तर खोटा घटू शकतो. घरच्या मीटरचे आकडे आणि एचबीएवनसी एकमेकांशी जुळेनासे झाले, की मी हिमोग्लोबिनची जुनी पानं उलटून बघते.

मेटफॉर्मिनचा त्रास ओळखायची एक साधी खूण सांगते. तो बहुतेकदा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, आणि डोस कमी केला किंवा हळूहळू सुटणारी गोळी घेतली की उतरतो. वर्षानुवर्षं सोसलेल्या गोळीने अचानक नवा त्रास दिला, तर दोष गोळीला देण्याआधी आतडं तपासायचं. रक्त तर मेटफॉर्मिनने जातच नाही.

तुमच्या बाबतीत रक्त आहे, वजन उतरतंय, वय ६१ आहे. कोलोनोस्कोपीची वेळ याच आठवड्यात मागा. ‘आधी फिट करून बघू’ असं कुणी म्हणालं, तर डोळ्यांना रक्त दिसतंय हे ठासून सांगा. मूळव्याध आहे, हे मला मान्य आहे. ती असल्यामुळे वरचं आतडं निरोगी ठरत नाही. तुम्हाला काहीच निघू नये, असं मनापासून वाटतं. निकाल आला की मला जरूर कळवा.

प्रश्न : वय ६६. मागच्या वर्षी कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री रेचक घेतलं, जेवण बंद होतं, पण साखरेच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या. पहाटे साखर ५८ झाली. एवढं करून पोट नीट साफ झालं नाही म्हणून तपासणी अर्धवट राहिली. आता परत करायची म्हटलं की धडकी भरते.

उत्तर : काका, ही चूक तुमची नव्हती. रेचकाच्या कागदावर मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट ओळ असायला हवी होती.

या वेळी तपासणीच्या आठ दिवस आधी सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांना भेटा आणि एकेका गोळीचं उत्तर लिहून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न नसताना साखर खाली ओढतात. तुमचा घात बहुधा त्यांनीच केला. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांनी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन सहसा कमी करतात, पूर्ण बंद करत नाहीत. टाइप १ असेल तर ते कधीच पूर्ण बंद करायचं नसतं. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल, तर तेही आधीच सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद करतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

मधुमेहात आतडं संथ असल्यामुळे साफ व्हायला वेळ लागतो. म्हणून रेचक निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे घेण्याची पद्धत मागून घ्या, आणि हलकं, चोथा नसलेलं खाणं दोन दिवस आधीपासून सुरू करा. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर फॉस्फेटचं रेचक नको, हे आवर्जून सांगा. आदल्या दिवशी मीटर उशाशी ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी साखर बघा. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या दिवशी गोड पाणी चालतं, फक्त लाल किंवा जांभळ्या रंगाचं नको, तो रंग आत रक्तासारखा दिसतो. वेळ सकाळची पहिली घ्या. आणि रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी वाचा, आतडं कितपत साफ होतं आणि दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत पोचली का. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, ते तिथून निघण्याआधीच विचारून घ्या.